पॉकेटमधली चिप: ६०६१ अ‍ॅल्युमिनियमच्या एका हाउसिंगसाठी कटर आणि सेटिंगची निवड

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमधील हे प्रकरण आहे. शॉपची घडण पोलादावर झालेली होती: प्रेस टूलच्या प्लेट्स, जिग-फिक्स्चर आणि अधूनमधून बिडाचे ब्रॅकेट. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी कंट्रोलर, चार्जर वगैरेंच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्यांची कामे येऊ लागली, तशी या शॉपलाही एका कंट्रोलरच्या हाउसिंगची ऑर्डर मिळाली. पहिल्या लॉटमध्ये प्रत्येक नगाला लागणारा वेळ, तुटणारे कटर आणि रिजेक्शन यांचा हिशेब ठरलेल्या भावात बसेना, तेव्हा सगळी प्रक्रिया मुळापासून तपासायचे ठरले. त्या तपासणीतली निरीक्षणे आणि त्यांवरून केलेली निवड येथे मांडली आहे.

जॉब दिसायला साधा होता. ६०६१-टी६५१ प्रतीच्या ५० मि.मी. जाड प्लेटमधून २२० × १५० × ४० मि.मी. बाह्य मापाची पेटी काढायची. आत ३५ मि.मी. खोल पॉकेट (वरून कोरून काढलेली पोकळी), भिंतीची जाडी २.५ मि.मी., तळ ५ मि.मी., आतील उभ्या कोपऱ्यांची त्रिज्या ६ मि.मी., तळावर सर्किट बोर्ड बसवण्यासाठी एम४ आट्यांचे सहा छोटे बॉस (उठावाचे खांब), आणि पेटीच्या कडेला १९० ± ०.०३ मि.मी. अंतरावर दोन डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोके. तयार ठोकळ्याचे घनफळ १,३२० घन सें.मी. आणि त्यातून पॉकेटपोटी निघणारा धातू सुमारे १,०९० घन सें.मी. म्हणजे मशीनचे खरे काम पेटी घडवण्यापेक्षा प्रत्येक नगामागे जवळजवळ तीन किलो धातूची चिप (कापताना सुटणारे तुकडे) करून ती पॉकेटच्या बाहेर काढण्याचे होते. मशीन बीटी-४० टेपरचे, ८,००० आरपीएम कमाल वेगाचे व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे, संगणकावर चालणारे मिलिंग मशीन) होते आणि त्यात स्पिंडलमधून, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्यातून, कूलंट देण्याची सोय नव्हती.

पॉकेटच्या रफिंगसाठी, म्हणजे बहुतेक धातू काढणाऱ्या पहिल्या कापासाठी, शॉपने घरात होता तोच कटर लावला होता: १२ मि.मी. व्यासाची, चार फ्लूटची (चार दात आणि त्यांच्यामधल्या चिपसाठीच्या खाचा असलेली), टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम-नायट्राइड कोटिंगची सॉलिड कार्बाइड एंडमिल, जी पोलादावर उत्तम चालत होती. सेटिंगही पोलादाचेच होते: ३,००० आरपीएम, फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला ४८० मि.मी., खोली ४ मि.मी. आणि स्टेपओव्हर (प्रत्येक फेरीत कटर बाजूला जितका सरकतो ते अंतर) ८ मि.मी. परिघाच्या वेगात मांडायचे तर हे मिनिटाला ११३ मीटर होते आणि प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.०४ मि.मी. फीड येत होते. मिनिटाला साधारण १५ घन सें.मी. धातू निघत असल्याने नुसत्या पॉकेटच्या रफिंगला सत्तर मिनिटांच्या आसपास वेळ लागत होता.

वेळ जास्त लागतो ही तक्रार दुय्यमच होती. मुख्य तक्रार अशी की काही नग झाले की कटरच्या फ्लूट अ‍ॅल्युमिनियमने भरून जात, आवाज किंचाळल्यासारखा होत असे आणि मग एखाद्या कोपऱ्यात कटर मोडत असे. मोडला नाही तरी भिंतीवर ओरखडे आणि चकत्यांसारखे चिकटलेले डाग राहत आणि ड्रॉइंगमध्ये मागितलेला आरए १.६ चा (सरासरी खरबरीतपणा १.६ मायक्रॉन) फिनिश मिळत नसे. मशीनचे सेटिंग करणाऱ्या सेटरचे निदान शॉपमध्ये सर्वांना पटलेले होते: अ‍ॅल्युमिनियम चिकट असते, म्हणून सावकाश चालवावे. त्यानुसार वेग २,२०० वर आणि फीड ३५० वर आणले गेले. चिकटणे त्याने वाढले.

हे निदान निम्मे बरोबर होते, आणि निम्म्या बरोबर निदानावरून केलेला उपाय अनेकदा नेमका उलट दिशेने जातो. अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटते हे खरे. धारेच्या टोकाशी दाब प्रचंड असतो, तिथे नुकताच उघडा पडलेला ताजा धातू कार्बाइडवर किंवा कोटिंगवर घासतो, त्याचा पातळ थर धारेवर बसतो आणि पुढची चिप त्या थरावर आणखी थर चढवत जाते. हीच बिल्ट-अप एज. मग कापण्याचे काम मूळ धारेऐवजी हा बोथट, वेडावाकडा ढेकूळ करू लागतो. अधूनमधून तो तुटून जॉबच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि जाताना धारेचा कणही घेऊन जातो. कापण्याचा वेग कमी असताना आणि चिप फार पातळ असताना हा थर बसायला सर्वांत अनुकूल परिस्थिती मिळते. वेग पुरेसा वाढला की चिप धारेवरून झटपट निघून जाते आणि थर टिकत नाही. पोलादात वेग वाढवायला आपण कचरतो, कारण तिथे उष्णता कटरला मारते. अ‍ॅल्युमिनियममध्ये ही भीती बरीचशी अस्थानी आहे. ६०६१ मिश्रधातू ५८२ अंश सेल्सियसला वितळू लागतो, त्यामुळे कापण्याच्या जागेचे तापमान त्यापलीकडे फारसे जाऊच शकत नाही, आणि तेवढ्या उष्णतेची कार्बाइडला फिकीर नसते. या धातूत वेगाची मर्यादा बहुतेक वेळा मशीन घालून देते.

फिनिशचा मुद्दा तर आकड्यांनीच निकालात निघाला. कडेने कापताना फीडमुळे पृष्ठभागावर उमटणाऱ्या लाटांची सैद्धांतिक उंची म्हणजे प्रतिदात फीडचा वर्ग भागिले कटरच्या त्रिज्येची आठपट. ०.०४ मि.मी. फीड आणि ६ मि.मी. त्रिज्या धरल्यास ती मायक्रॉनच्या तिसाव्या हिश्शाइतकी येते. चारपैकी एकच दात सगळे काम करतो असे धरले, तरी ती अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास राहते. भिंतीवर दिसणारा खरबरीतपणा याच्या कितीतरी पट होता, म्हणजे फीडशी त्याचा संबंध नव्हता आणि फीड कमी करून तो जाणारही नव्हता. तो चिकटलेल्या धातूचा आणि पुन्हा पुन्हा कापल्या जाणाऱ्या चिपचा होता.

चिप्स हातात घेऊन पाहिल्यावर उरलेले उलगडले. नीट कापलेल्या ६०६१ ची चिप चकचकीत, सुटी, किंचित वळलेली असते. येथे चिप्स मळकट होत्या, काहींच्या कडा चेपलेल्या होत्या, दोन-तीन एकमेकींत दाबल्या जाऊन गोळा झालेल्या होत्या. पॉकेटच्या तळाशी कूलंटच्या डबक्यात त्या साचून राहत आणि कटर प्रत्येक फेरीत त्यांच्यातून फिरत असे. तेव्हा प्रश्नाची मांडणीच बदलावी लागली. हा कटर अ‍ॅल्युमिनियम कापू शकतो का, याला अर्थ नव्हता, कारण अ‍ॅल्युमिनियम कापायला कोणताही कटर पुरतो. कापलेली चिप फ्लूटमधून, मग पॉकेटमधून, कोणत्या वाटेने आणि किती वेगाने बाहेर पडते, हे विचारायला हवे होते. पुढची प्रत्येक निवड याच प्रश्नाच्या आधारे केली.

कटर

चार फ्लूटच्या एंडमिलमध्ये मधला गाभा जाड असतो आणि फ्लूटमधली जागा कमी. पोलादात चिप लहान असते आणि गाभ्याचा ताठपणा उपयोगी पडतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये चिप जाड आणि भरपूर निघते, तिला जागा लागते. म्हणून पर्याय दोन किंवा तीन फ्लूटचे होते. पूर्ण रुंदीचा स्लॉट कापायचा असता तर दोन फ्लूट बऱ्या ठरल्या असत्या. येथे कडेकडेने कापायचे ठरत असल्याने तीन फ्लूट निवडल्या, कारण ८,००० आरपीएमची मर्यादा असलेल्या मशीनवर तिसरा दात म्हणजे सरळ दीडपट फीड.

कोटिंगबद्दल शॉपमध्ये सर्वांत जास्त वाद झाला. महाग कोटिंगचा कटर काढून बिनकोटिंगचा लावायचा हे मालकांना पटेना. पण टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम-नायट्राइडचे सगळे बळ उच्च तापमानाला त्याच्यावर तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या थरात आहे, आणि अ‍ॅल्युमिनियम कापताना ते तापमान गाठलेच जात नाही. शिवाय कोटिंगमधल्या अ‍ॅल्युमिनियमचे जॉबच्या अ‍ॅल्युमिनियमशी जमते, म्हणजे चिकटण्याला आमंत्रणच. तिसरे असे की पोलादासाठीच्या कटरची धार टिकाऊपणासाठी मुद्दाम किंचित गोलसर केलेली असते आणि त्यावर काही मायक्रॉनचे कोटिंग चढते. अशा धारेला दाताला ०.०४ मि.मी. फीड दिले, आणि चिप दात आत शिरताना किंवा बाहेर पडताना त्याहूनही पातळ होत असली, तर धार कापण्याऐवजी धातूला चोळत राहते. अ‍ॅल्युमिनियमला तीक्ष्ण धार, मोठा पॉझिटिव्ह रेक (धारेचा पुढे झुकलेला कोन) आणि आरशासारखी घासलेली फ्लूट हवी. कोटिंग हवेच असेल तर टायटॅनियम-डायबोराइड, झिर्कोनियम-नायट्राइड किंवा हिऱ्यासारख्या कार्बनचे, म्हणजे डीएलसी, यांपैकी घ्यावे. ६०६१ साठी बिनकोटिंगचा पॉलिश केलेला कटर पुरेसा आहे असे ठरले, आणि माझ्या मते बहुतेक छोट्या शॉपना येथूनच सुरुवात करणे परवडते.

हेलिक्सबाबत, म्हणजे फ्लूटच्या पिळाच्या कोनाबाबत, कॅटलॉग ४५ अंशांची शिफारस करत होते. मोठ्या हेलिक्समुळे चिप वर उचलली जाते आणि काप मऊ होतो, पण त्याच बळाने कटर कोलेटमधून (होल्डरमधल्या कटर आवळणाऱ्या बाहीतून) खाली ओढला जातो आणि जॉब व्हाइसमधून (जॉब पकडणाऱ्या शिकंज्यातून) वर. शॉपकडे ईआर-३२ कोलेटचेच होल्डर होते, त्यामुळे रफिंगसाठी ४० अंशांच्या आसपासचा हेलिक्स घेतला आणि ४५ अंश फिनिशिंगसाठी ठेवला. कटरच्या टोकाला अर्धा मि.मी. त्रिज्या घेतली, कारण अगदी टोकदार कोपरा आधी झिजतो आणि ड्रॉइंगला तळाशी एवढी त्रिज्या चालत होती. कापणारी लांबी २६ मि.मी. आणि त्याच्या वर किंचित बारीक केलेली मान, अशी रचना पाहून कटर मागवला. ३५ मि.मी. खोलीसाठी तेवढ्याच लांबीच्या फ्लूटचा कटर घेणे हा सहज सुचणारा मार्ग होता, पण फ्लूट जितकी लांब तितका कटर लवचिक, आणि येथे मान बारीक असल्याने कटर वरच्या भिंतीला न घासता खाली जाऊ शकत होता.

आकडे

स्पिंडल कमाल वेगाला, म्हणजे ८,००० वर ठेवला. १२ मि.मी. व्यासाला हे मिनिटाला ३०२ मीटर होतात. ६०६१ साठी कार्बाइडला याच्या दुपटीहून अधिक वेग सहज चालतो, तेव्हा येथे कटर आरामात होता आणि मशीन आपल्या टोकाला होते. १६ मि.मी. कटरने परिघाचा वेग ४०२ मीटरपर्यंत नेता आला असता, पण मग कोपऱ्यांत उरलेला धातू काढायला आणखी एक रफिंग लागले असते. या लॉटसाठी ते नको असे ठरले.

फीड दाताला ०.१५ मि.मी., म्हणजे मिनिटाला ३,६०० मि.मी. ठरवले. हा आकडा ऐकून ऑपरेटरचा हात फीड ओव्हरराइडच्या बटणावर गेला, यात नवल नाही; आधीच्या साडेसातपट फीड होते ते. पण स्टेपओव्हर ८ वरून ३ मि.मी. वर आणले होते. स्टेपओव्हर व्यासाच्या निम्म्याहून कमी असला की चिपची प्रत्यक्ष कमाल जाडी प्रोग्रॅममधल्या फीडपेक्षा कमी भरते. व्यासाच्या चौथ्या हिश्शाला ती सुमारे ८७ टक्के, म्हणजे ०.१३ मि.मी. होते, आणि दहाव्या हिश्शाला ६० टक्क्यांवर येते. ही घट न धरता फीड कमी ठेवणाऱ्याला आपण सांभाळून चालवत आहोत असे वाटत असते आणि धार मात्र चोळून मरत असते.

खोली १७.५ मि.मी. घेतली, म्हणजे पूर्ण पॉकेट दोन थरांत. आधी फक्त तळाचे ४ मि.मी. झिजत होते आणि बाकीची धार नवीकोरी राहून कटर फेकला जात होता. आता झीज लांबीभर वाटली जाते. ४० अंशांच्या हेलिक्सला एवढी खोली दिली की एक दात पूर्ण बाहेर पडण्याआधी पुढचा दात कापू लागलेला असतो, त्यामुळे धक्के कमी होतात. या सेटिंगला मिनिटाला १८९ घन सें.मी. धातू निघतो. विशिष्ट कर्तनबल ८०० न्यूटन प्रति चौ. मि.मी. धरले तर सुमारे अडीच किलोवॅट शक्ती लागते, आणि मशीनच्या स्पिंडल मोटरला हा भार किरकोळ होता.

कोपरा

कटर कोपऱ्यातच का मोडत होते, हा या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे. पॉकेटच्या कोपऱ्याची त्रिज्या ६ मि.मी. आणि कटरची त्रिज्याही ६ मि.मी. म्हणजे कटर कोपऱ्यात बरोबर बसतो, म्हणून प्रोग्रॅम करणाऱ्याला हे सोयीचे वाटले होते. पण कटर असा नेमका बसणे ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे. सरळ भिंतीवर ३ मि.मी. स्टेपओव्हरला १२ मि.मी. कटरचा धातूशी संपर्क ६० अंशांचा असतो. तोच कटर काटकोनी कोपऱ्यात शिरला की समोरची भिंतही लागते आणि संपर्क आणखी ९० अंशांनी वाढून १५० होतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये ८ मि.मी. स्टेपओव्हरमुळे सरळ रेषेतच तो ११० अंश होता. कोपऱ्यात तो पूर्ण अर्ध्या परिघावर जाई. त्या क्षणी मशीन दिशा बदलण्यासाठी थांबते, म्हणजे दाताचे फीड शून्याकडे जाते, बळ एकदम वाढते, चिपला बाहेर पडायला एकही बाजू मोकळी उरत नाही, आणि आधीच भरलेल्या फ्लूटमध्ये आणखी धातू कोंबला जातो. किंचाळल्यासारखा आवाज येथूनच येत होता.

उपाय दोन पातळ्यांवर केला. रफिंगचा टूलपाथ (कटरचा मार्ग) संपर्क-कोन कायम ठेवणाऱ्या पद्धतीने, म्हणजे कॅम सॉफ्टवेअरमध्ये ज्याला अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणतात तसा, नव्याने काढला आणि रफिंगमध्ये कोपऱ्याची त्रिज्या ८ मि.मी. ठेवली. उरलेला कोपरा १० मि.मी. व्यासाच्या फिनिशिंग कटरने पूर्ण केला. त्याची त्रिज्या ५ असल्याने ६ मि.मी. च्या कोपऱ्यात त्याचा मध्य न थांबता एका लहानशा चापावरून वळतो. ड्रॉइंग तयार करणाऱ्याने कोपऱ्याला ६ ऐवजी ६.५ त्रिज्या दिली असती तरी पेटीच्या उपयोगात काही फरक पडला नसता, आणि १२ मि.मी. कटरनेच कोपरा वळून गेला असता. ग्राहकाकडे ही सूचना पाठवली. पुढच्या रिव्हिजनमध्ये पाहू, असे उत्तर आले. पॉकेटमध्ये उतरण्यासाठी सरळ खाली घुसवणे बंद करून दोन-तीन अंशांच्या उताराचा हेलिकल रॅम्प दिला.

होल्डर, कूलंट, आणि रॉकेल

कटर होल्डरमधून ६० मि.मी. बाहेर काढलेला होता. एवढ्याची गरज नव्हती, ४२ मि.मी. पुरत होते. लवचिकता लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे या एका बदलाने कटर जवळजवळ तिप्पट ताठ झाला, आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. डायल लावून पाहिल्यावर रनआउट (फिरताना कटरचे मध्यापासून ढळणे) ०.०३ मि.मी. निघाला. दाताला ०.०४ मि.मी. फीड असताना समोरासमोरच्या दातांच्या त्रिज्येत ०.०३ चा फरक असेल, तर एक दात राबतो आणि त्याच्या समोरचा जवळपास रिकामा फिरतो. कारण कोलेटच्या फटींत अडकलेला अ‍ॅल्युमिनियमचा बारीक कीस होता. कोलेट साफ केले, झिजलेले बदलले, आणि आकडा ०.०१ च्या आत आला.

कूलंटच्या टाकीत वर तेलाची साय होती आणि बोअरच्या जड पाण्यामुळे इमल्शन फाटलेले होते. रिफ्रॅक्टोमीटरचे वाचन तेलाच्या कंपनीने दिलेल्या गुणकाने गुणल्यावर पाण्यातले तेलाचे प्रमाण ४ टक्के निघाले. ते ८ ते ९ टक्क्यांवर नेले, टॉपअपसाठी आरओचे पाणी सुरू केले आणि सामू ९ च्या आसपास राहील याकडे लक्ष ठेवले, कारण कूलंट जास्त अल्कधर्मी झाले की अ‍ॅल्युमिनियमवर काळपट डाग पडतात. प्रमाण सुधारल्यावरही पॉकेटमधले डबके होतेच. तेव्हा दोनपैकी एका नोझलवर दाबाची हवा दिली आणि तिची दिशा कटरच्या मागे ठेवली, म्हणजे चिप पुढच्या दाताच्या वाटेतून हटते. अ‍ॅल्युमिनियमच्या पॉकेटमध्ये भरपूर कूलंटपेक्षा नेमकी हवा अनेकदा अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. कूलंटचे काम येथे थंड करण्याहून वंगणाचे जास्त असते.

जुने टर्नर अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल लावायचे, तेही याच कारणाने. हाताच्या लेथवर, कमी वेगाला ते छान चालते आणि फिनिशही देते. बंद व्हीएमसीत ८,००० आरपीएमला त्याचा फवारा उडू देणे म्हणजे आगीला बोलावणे, म्हणून येथे तो विषय शब्दशः झाकणबंद केला.

भिंत आणि माप

भिंत २.५ मि.मी. जाड आणि ३५ उंच. अ‍ॅल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक ६९ गिगापास्कल, पोलादाच्या एक तृतीयांश. त्यात पातळ पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून. पूर्ण पॉकेट रफ करून नंतर भिंत फिनिश केली, तर ती कटरपासून दूर वाकते आणि वरच्या कडेला जाड राहते. म्हणून क्रम बदलला. बाहेरची बाजू ठोकळा भरीव असतानाच फिनिश केली. मग पॉकेटचा वरचा थर रफ, त्याच थराची भिंत फिनिश, आणि त्यानंतर खालचा थर, म्हणजे फिनिशिंगच्या वेळी भिंतीच्या पायाशी अजून धातू शिल्लक असतो. भिंतीवर ०.३ मि.मी. धातू ठेवला आणि १० मि.मी. कटरला ८,००० आरपीएम, मिनिटाला १,९२० मि.मी. फीड, क्लाइम्ब मिलिंग (दात जाड चिपने शिरून पातळ चिपने बाहेर पडेल अशी दिशा) असे सेटिंग दिले. टूल दोनदा जास्त बदलावे लागते, पण त्याची भरपाई रिजेक्शन कमी होण्यात होते.

पकडीसाठी प्लेटचे खालचे ८ मि.मी. जादा ठेवलेले होते, त्यामुळे व्हाइसचा दाब भिंतीवर येत नव्हता. टी६५१ मधला ५१ हा भाग प्लेट ताणून आतले ताण कमी केल्याचे सांगतो; कमी केल्याचे, संपवल्याचे नव्हे. एका बाजूने चार पंचमांशांहून अधिक धातू गेल्यावर उरलेली पेटी थोडी धनुष्य होतेच. रफिंगनंतर व्हाइस सैल करून हलक्या दाबाने पुन्हा पकडणे आणि मगच तळ व डॉवेल भोके करणे, एवढ्याने ते आटोक्यात आले.

डॉवेल भोकांचे रिजेक्शन मात्र बऱ्याच अंशी खोटे होते. १९० मि.मी. लांबीचे अ‍ॅल्युमिनियम १० अंशांनी गरम असेल तर ०.०४५ मि.मी. लांबते आणि सहनमर्यादा ०.०३ आहे. मशीनमधून काढलेला कोमट नग लगेच मापला जात होता. आता नग तासभर ग्रॅनाइटवर ठेवून मगच मापतात.

निकाल आणि उरलेले प्रश्न

गणिताने पॉकेटचे रफिंग सहा मिनिटांत व्हायला हवे होते. प्रत्यक्षात अकरा-बारा लागतात, कारण अ‍ॅडॅप्टिव्ह टूलपाथमध्ये परतीच्या रिकाम्या फेऱ्या असतात आणि हे मशीन छोट्या चापांवर सांगितलेले फीड गाठू शकत नाही. कॅटलॉगच्या आकड्यांवरून भाव देणाऱ्यांनी हा फरक आधीच धरलेला बरा. तासाचा दर ६०० रुपये धरला, तर रफिंगचा खर्च सातशेच्या घरातून सव्वाशेच्या आत आला. कटर मोडणे थांबले, तो झिजला की बदलतात. भिंतीचा फिनिश मागणीच्या आत येतो. वरच्या पृष्ठभागाच्या ५० मि.मी. फेस कटरवरही पोलादाचे इन्सर्ट काढून पॉलिश केलेले धारदार इन्सर्ट बसवले आणि ६,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ९४२ मीटरला तो चालवला. त्याआधी कटरच्या अंगावर छापलेली कमाल वेगमर्यादा तपासून घेतली, कारण एवढ्या वेगाला सुटलेला इन्सर्ट म्हणजे गोळीच.

एम४ च्या बंद भोकांत टॅप (आटे पाडणारे हत्यार) तुटण्याचा त्रास चिपशीच निगडित होता. कापणाऱ्या टॅपची चिप भोकाच्या तळाशी अडकत होती. फॉर्मिंग टॅप आणला, जो आटे कापत नाही, दाबून उठवतो, म्हणजे चिप निघतच नाही. त्यासाठी ड्रिल ३.३ ऐवजी ३.७ मि.मी. लागते. हा बदल सेटअप शीटवर ठळक लिहावा लागला, कारण ३.३ च्या भोकात फॉर्मिंग टॅप घालणे म्हणजे तो मोडणे.

पेटीचे झाकण मात्र वेगळे प्रकरण ठरले. ते एडीसी१२ या मिश्रधातूचे डायकास्टिंग (साच्यात दाबाने ओतलेला भाग) आहे, आणि हाच यशस्वी कटर त्यावर लावल्यावर थोड्याच नगांत त्याच्या धारेची कड झिजून गोल झाली. ६०६१ मध्ये सिलिकॉन एक टक्क्याहूनही कमी असते; एडीसी१२ मध्ये ते साधारण १० ते १२ टक्के असते, आणि त्याचे कठीण कण धारेला सँडपेपरसारखे घासतात. तिथे चिकटणे कमी आणि झीज जास्त, म्हणजे अडचणच उलटी. सध्या झाकणासाठी डीएलसी कोटिंगचा कटर वापरला जातो आणि तो बिनकोटिंगपेक्षा बरा टिकतो. खरा उपाय पीसीडी (कृत्रिम हिऱ्याच्या) टिपांचा फेस कटर आहे, पण त्याची किंमत महिन्याला मिळणाऱ्या झाकणांच्या सध्याच्या संख्येत वसूल होत नाही. ग्राहकाने झाकणांची संख्या दुप्पट करण्याचे सूचित केले आहे. तशी ऑर्डर हातात आली की पीसीडीचे कोटेशन मागवायचे असे ठरले आहे. तोपर्यंत दोन्ही जॉबचे कटर वेगवेगळ्या रंगाच्या ट्रेमध्ये ठेवले जातात, आणि दोन्हींच्या चिप्सही वेगळ्या पिंपांत, कारण मिसळलेल्या भंगाराला भाव कमी मिळतो.